दहा घरांचा एक मालक

“यंत्राला मेव्हणा नसतो, एवढं ध्यानात घ्या,” काकासाहेब मास्तर म्हणाले, तशी मंडपात खसखस पिकली. सगळ्यांच्या नजरा बन्सी मुकादमाकडे वळल्या. दुष्काळी कामाची आधीची यादी बन्सीने केली होती आणि त्याची अख्खी सासुरवाडी तलावावर खडी फोडत होती.

“हसा,” बन्सी म्हणाला. “पन मला शिव्या तरी देता येत हुत्या. यंत्राला कुठं गाठनार?”

सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याच्या कीर्तनाआधी तालुक्याचे साहेब मंडपात आले होते. कामावरची नवी यादी पुण्याच्या गणकयंत्रातून निघाली होती. घरटी दोन माणसं, वशिला नाही. हीच पद्धत पुढे ठेवावी का, यावर गावाने मोकळेपणी बोलावं, असं त्यांचं म्हणणं. कीर्तनकार गोरक्ष महाराज फेटा बांधून, हात जोडून बाजूला उभे होते. टाळकऱ्यांत आसाराम खाली मान घालून बसला होता. तलावावर हजेरी मांडणारा कारकून तोच.

बायकांच्या बाजूने गोजरबाई उठली.

“सायेब, घरात मी न् आंधळी सासू. मालक ऊसतोडीला गेल्यात, तिकडं तापानं पडल्यात म्हून निरोप हाय. तरी माजं नाव यादीतनं गेलं. यंत्र चुकलं तर जाब कुनाला इचारायचा?”

“बाई, यंत्र चुकत नाही. तुमच्या घरची दोन नावं लागलीत.” साहेबांनी कागद पाहिला. “लंकाबाई आणि पुष्पावती.”

“त्या माज्या कोन? लंकाबाई तर वरल्या आळीची हाय.”

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “इथे दहा बायकांच्या नवऱ्याचं नाव एकच दिसतंय. मालक. म्हणून दहाही एकाच घरच्या धरल्यात.”

कुणीतरी हसलं.

यंत्रासाठी पुण्याला गेलेले कागद आसारामने भरले होते. पुरुष तोडीला गेलेले. बायका नवऱ्याचं नाव घेईनात. “लिवा मालक,” एकीने म्हटलं, तेच दहाजणींनी म्हटलं. तो उठला.

“चूक माजी हाय, सायेब. यांच्या तोंडून नाव काढवंना. मागनं गावात इचारून घालू म्हनलं, तवर गठ्ठा गेला.”

“मग आता लिहून घ्या. पण जिचं तिने सांगायचं. दुसऱ्याच्या तोंडची नावं नकोत, मागे त्यातूनच घोळ झालाय.”

गोजरबाई उभीच होती. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य उणं होतं, हे तिला आईने सांगितलेलं, आईला तिच्या आईने. त्यात तिच्या नवऱ्याचं नाव देवाचं. नामाच्या गजरात ते आलं की वीस वर्षं ती गप्प राहून नुसती टाळी वाजवत आली होती. आता तो तिकडे उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत तापाने फणफणत होता. आणि घरी सासूच्या पुढ्यात घालायला काही उरलं नव्हतं.

तिने साहेबांकडे पाहिलं नाही. देवाकडे पाहिलं.

“राधाकृष्ण,” ती म्हणाली, आणि तोंडावर पदर ओढून मटकन खाली बसली.

आसारामने लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

दुसरी बाई उठायच्या आत गोरक्ष महाराजांनी मृदंगवाल्या भिमाजीकडे पाहून मान हलवली. “कीर्तनाची येळ झाली, सायेब. तुमचं चालू द्या, आमचंबी चालू द्या.”

मृदंगावर थाप पडली. मग एकेक बाई आली, आसारामच्या कानाशी वाकली आणि परत गेली. नऊ नावं एकट्या त्याने ऐकली.

मृदंग थांबला. “पुढच्या गठ्ठ्यात घालतो,” साहेब म्हणाले. “दीड महिन्यात नवी यादी येईल.”

“आन् तवर?” बन्सीने विचारलं.

“तोवर हीच.”

बन्सीने मास्तरांकडे पाहिलं.

“आसाराम, एकदा मोठ्याने वाचून दाखवा. पुन्हा चूक नको.”

आसारामने कागदाकडे पाहिलं. गोजरबाई अजून पदराआड होती. त्याने कागद साहेबांपुढे धरला.

“तुमीच वाचा, सायेब. मनात.”

साहेबांनी चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवत ते दहा नावं वाचत गेले. तेवढा वेळ सगळा मंडप खाली मान घालून बसून राहिला.