ओटीत गेलेला वन पीस

पिपरी मेघे गावातल्या शाळेचं गॅदरिंग जानेवारीत असतं, उघड्या मैदानावर, तेही सकाळी सातला. ही वेळ कोणत्या शहाण्यानं ठरवली ते विचारू नका. मागच्या वर्षी सूत्रसंचालन करणाऱ्या रूपाली मॅडमनी कुडकुडत रेशमी साडीवर नवऱ्याचा खाकी स्वेटर चढवला होता. फोटो शाळेच्या ग्रुपवर पडला आणि तेव्हापासून स्टाफरूममध्ये त्यांना 'हवालदार' म्हणतात. वर्ष झालं, अजून म्हणतात.

यंदा मुख्याध्यापिका नंदिनी मॅडमनी जाहीर केलं की साडीची सक्ती नाही. झालं, रूपालीनं चंगच बांधला. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून तिनं सगळं ठरवलं. वांगी रंगाचा, घोट्यापर्यंतचा लोकरीचा वन पीस, गळ्यात मफलर, पायात बूट. आता म्हणा हवालदार!

गुरुवारी शाळेला निघताना ती सासूबाईंना, आनंदाबाईंना म्हणाली, "आई, आज माहा वन पीस येईन. घेऊन ठेवजा."

त्याच दिवशी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आनंदाबाईंच्या जगात पीस एकच, ओटीत घालायचा ब्लाउजपीस.

"एकच काऊन बोलावला वं?" त्यांनी विचारलं. "बाया तर पंधरा येऊन राह्यल्या."

पण रूपालीची गाडी तोवर कोपऱ्यावर वळली होती.

संध्याकाळी ती घरी आली, तर पार्सलचा पत्ता नाही.

"आई, माहा वन पीस?"

"अनुसयाबाईच्या ओटीत टाकला," आनंदाबाई निवांतपणे म्हणाल्या. "खोक्यातून काढला तर चांगला जाडजूड निघाला. शेजारीण हाय, मानाची बाई हाय. तिले का हलका देऊ?"

रूपाली ओरडली, "आई, तो ड्रेस होता. शनिवारी गॅदरिंगले घालाचा होता मले."

"नुसता पीस?" आनंदाबाईंना खरंच काळजी वाटली. "अन् साडी? पीसासंग साडी लागते वं बाई."

रूपाली तशीच शेजारी धावली. पण ओटीत आलेला पीस कधी कोणी उघडून पाहतं का? तो घडीही न मोडता पुढच्या ओटीत जातो. काही पीस तर दहा-दहा वर्षं गावात नुसते फिरताहेत. अनुसयाबाईंनीही तो तासाभरापूर्वी मोठ्या मनानं पुढे सरकवला होता, आणि तोही कोणाला? तर त्यांच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या नंदिनी मॅडमना! आता मुख्याध्यापिकेच्या दारात उभं राहून 'तुमच्या ओटीतलं परत द्या' कोणत्या तोंडानं म्हणायचं? रूपालीला रडू कोसळलं. रागाच्या भरात त्या दिवशी भाजीत मीठच पडलं नाही.

शनिवारी पुन्हा तीच रेशमी साडी, वर तोच खाकी स्वेटर. स्टेजवर चढताना पीटीच्या सरांनी सलाम ठोकला. रूपालीनं माइक हातात घेतला, पण दात असे वाजत होते की 'स्वागत' म्हणायला तीनदा सुरुवात करावी लागली.

तेवढ्यात नंदिनी मॅडम पुढे आल्या. "इतक्या थंडीत सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या रूपाली मॅडमची आपण ओटी भरू या."

हातात नारळ पडला. नारळाखाली प्लास्टिकचं जाडजूड पाकीट, आणि आत वांगी रंग.

रूपालीनं नारळ आणि माइक दोन्ही नंदिनी मॅडमच्या हातात कोंबले. स्वेटर काढून टेबलावर टाकला, पाकीट दातानं फाडलं आणि चारशे लोकांसमोर वन पीस साडीवरूनच अंगात घातला. पदर आत अडकला, तो तिनं गळ्यातून बाहेर ओढून मफलरसारखा गुंडाळला. खालून चार बोटं जरीचा काठ दिसत होता.

नंदिनी मॅडमचे डोळे भरून आले. "माझ्या ओटीचा एवढा मान आजवर कोणी ठेवला नव्हता," त्या माइकवर म्हणाल्या.

दुपारी फोटो ग्रुपवर पडला. रूपालीनं जीव मुठीत धरून मोबाइल उघडला. हवालदार कोणीच लिहिलं नव्हतं. उलट सात जणींनी विचारलं होतं की हा सेट कुठं मिळाला.

आनंदाबाईंनी चष्मा लावून तो फोटो नीट पाहिला.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "तुले मी सांगतलंच होतं. पीसासंग साडी लागतेच."