गोधडीवरचा ताल

ऋग्वेदने गोधडीची चौपदरी घडी पलंगावर ठेवली, कानांवर हेडफोन चढवले आणि ड्रमच्या दोन्ही काठ्या उचलल्या. मान हलू लागली, खांदे हलू लागले, मनगटं गोधडीवर भराभर आपटू लागली. आवाज मात्र उशी झटकल्याइतकाच.

दारात उभ्या असलेल्या नमिताला नुसत्या त्याच्या हातांवरून गाणं ओळखू आलं. इथे थांबायचं, मग दोन ठोके, आता गायक येणार. पाच वर्षांपूर्वी तिनेच ते पुण्याहून पाठवलं होतं. धाकटा भाऊ तेव्हा दहावीत होता. "आधी होक्काइदोचे तिघं ऐक," तिने फोनवर सांगितलं होतं. "त्यांचा गायक पत्र वाचल्यासारखा गातो. मग त्या चार मुली. त्यांची गिटार अंगावर येते, घाबरू नको. ओसाकावाले सगळ्यात शेवटी. ते आधी ऐकलेस तर जपानी रॉकच्या वाटेला पुन्हा जाणार नाहीस."

ऋग्वेदने अर्थातच ओसाकावाले आधी ऐकले, आणि महिनाभरात ड्रम शिकायला वर्ध्याला जाऊ लागला.

बाबांना या सगळ्याची गंमत वाटायची. "जपानी काही आपल्या गावाले नवीन नाई," असं ते म्हणत, कारण सेवाग्रामच्या आश्रमातली रोजची प्रार्थना जपानी मंत्रानेच सुरू होते. तरी गाणं लागलं की वर्तमानपत्र हातात घेऊन ते दारात येत. "हा भांडून राह्यला का गाऊन राह्यला?" एकदा त्यांनी अर्थ विचारला. नमिताने शोधून सांगितलं, भर पावसात त्या गायकाची सायकल पंक्चर झाली आहे.

"मंग ओरडून काय होईन? ढकलत ने म्हणा त्याले."

बाबा जूनमध्ये गेले. नमिता नोकरी घरून करायची परवानगी घेऊन परत आली. तेरवीच्या दिवशी शेजारच्या आनंदाबाईंनी बजावलं, वर्ष होईपर्यंत या घरात गाणं-बजावणं नको. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाहीही म्हटलं नाही. ड्रम धीरजकडे, ऋग्वेदच्या मित्राकडे गेले. काठ्या तेवढ्या राहिल्या.

गाणं संपल्यावर ऋग्वेदने हेडफोन गळ्यात ओढले.

"ताई, धीरजचा फोन आलता. शुक्रवारच्या गॅदरिंगले आमची जागा ठेवली म्हणे अजून. उद्या नक्की सांगा लागते."

"तू नाही म्हणाला होतास ना?"

"म्हटलं. बँडमधले म्हणतात, दुसरा ड्रमर आता कुठून आणाव?"

"वर्ष झालं नाही अजून."

"हे तुले वाटते का आईले?"

नमिताने टेबलावरची पाण्याची बाटली उगाच भिंतीकडे सरकवली. "आईला विचारायचंसुद्धा नाही," ती म्हणाली. "ती हो म्हणेल आणि स्वयंपाकघरात जाऊन रडेल. मला ते बघवणार नाही."

"वाजवायची इच्छा तर होते ना पण," तो खाली बघत म्हणाला. "बाबा गेल्यावर तेवढंच एक करावंसं वाटते."



आई शाल घेऊन निघाली होती. बाबा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी प्रार्थनेला जायची. त्याआधी तिचं आश्रमात जाणं क्वचितच व्हायचं. त्या खोलीत उभं राहवेना म्हणून नमिताही तिच्याबरोबर निघाली.

आश्रमाच्या अंगणात, बारीक खड्यांवर अंथरलेल्या सतरंजीवर त्या बसल्या. मंत्र सुरू झाला. लहानपणापासून पाठ असलेले ते शब्द नमिता ओठांतल्या ओठांत म्हणू लागली. मग तिचं लक्ष आईकडे गेलं. आई म्हणत काहीच नव्हती. डोळे मिटून नुसती ऐकत होती, आणि तिची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती.

परतताना अंधारू लागलं होतं. हवेत चांगलाच गारठा होता.

"रोज येतेस. बरं वाटत असेल तुला," नमिता म्हणाली.

"देवाचं म्हणशीन तर मी घरीही हात जोडतो. इथं आवाज असते, म्हणून येतो."

"कसला आवाज?"

"माणसाइचा. घरी तुम्ही दोघं असे चालता, जसं आतल्या खोलीत कोणी झोपून हाये. तू तर चमचाही हळूच ठेवतं. अन् तो बसते गोधडी ठोकत."

नमिता थबकली. "तुला माहीत आहे?"

"मीच तर धुतो न ते गोधडी. मधात पार विरून गेली."

"आनंदाबाई म्हणाल्या होत्या ना, वर्षभर..."

"मलेच म्हटलं तिनं. मले वाटलं, पोराइचे बाबा गेले, त्याइलेच सहन होत नसन. म्हणून मी रेडिओ नाई लावला."

"आणि आम्ही तुझ्यासाठी..."

आई चालत राहिली. "शुक्रवारी गॅदरिंग हाये म्हणे. धीरज भेटलता बाजारात. वाजवून राह्यला का हा?"

"नाही."

"काऊन?"

"मी नको म्हटलं."

आईने शाल सावरली. मग म्हणाली, "तुझे बाबा असते, तर पहिल्या रांगेत बसून नावं ठेवली असती त्याइनं."

नमिताला हसू आलं, आणि डोळे पुसावे लागले.

घरी आल्यावर आई चपला काढून सरळ ऋग्वेदच्या खोलीत गेली. त्याच्या कानांवरचे हेडफोन तिने स्वतः उचलले.

"मलेही ऐकव."

"तुले नाई आवडणार, आई."

"मी आवडीचं विचारलं काय?" ती खुर्ची ओढून बसली. "पहिले कोणतं ऐकाचं असते?"

ऋग्वेदने ताईकडे पाहिलं. विशीतल्या पोरांना काय सांगायचं ते नमिताला पाठ होतं. पुण्यातल्या किती जणांना तिने सांगितलं होतं. साठीच्या बाईने कुठून सुरुवात करावी? तिने विचार करून होक्काइदोचे तिघं लावले, त्यातलंही सगळ्यात संथ गाणं. आईने अर्धं मिनिट ऐकलं.

"असं तर मी आत्ताच ऐकून आलो. तू स्टेजवर जे वाजवणार, ते लाव."

"स्टेजवर? शुक्रवारी?"

"मंग काय होळीले?"

ऋग्वेदने हात उंचावून कपाटावरचा स्पीकर काढला, बाहीने त्यावरची धूळ पुसली. ओसाकावाले सुरू झाले तशा खिडकीच्या काचा थरथरल्या. आई दचकली. पदर कानांशी गेला, तिथेच थांबला, मग हळूहळू खाली आला. ऋग्वेदने गोधडी बाजूला ढकलली आणि काठ्या पलंगाच्या लाकडी कडेवर चालवल्या. दुसऱ्या कडव्याला नमिताच्या लक्षात आलं, की आपणही मोठ्याने गात आहोत, अर्ध्याहून अधिक शब्दांचा अर्थ माहीत नसताना.

कुंपणापलीकडे दिवा लागला. आनंदाबाई बाहेर आल्या होत्या. नमिताचा हात आपोआप स्पीकरकडे गेला. आईने तो वाटेतच धरला, सोडला, आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"काय वो इंदिरा, केवढा गोंगाट! पाहुणे आले काय?"

"नाई वो बाई," गाण्याच्या वर आवाज चढवून आई म्हणाली, "घरचेच हायेत."