ब्रुजमधला मोकळा दिवस

गोडेलीव आणि तिचा नवरा फिर्मिन यांचं गाव ब्रुज या कालव्यांच्या जुन्या शहरापासून आगगाडीने जेमतेम तासाभरावर. पण लग्नानंतर ब्रुज बघायला म्हणून ते दोघं कधी आले नव्हते. गाईंची धार सकाळ-संध्याकाळ काढावी लागते, आणि गाईंना रविवार नसतो. फिर्मिनच्या वडिलांनी चालवलेला गोठा पुढे या दोघांनी चालवला, आणि मागच्या गुरुवारी तो रिकामा झाला. दोघांचेही गुडघे गेले होते, लेकीला त्या कामात रस नव्हता, आणि सीमेकडच्या एका गोठेवाल्याने सगळी गुरं एकदम घ्यायची तयारी दाखवली. भांडण नाही, तंटा नाही. ट्रक आले आणि दुपारच्या आत निघून गेले.

रडू येईल म्हणून गोडेलीवने त्या दिवशी एप्रनच्या खिशात रुमाल ठेवला होता. तो घडी न मोडताच धुण्यात गेला.

लेकीने, लीस्बेटने, फोनवर बजावलं, "आई, घरात बसून भिंती बघत राहू नका. शनिवारी ब्रुजला जा. होडीची तिकिटं मी काढलीयत."

म्हणून ते आले. फिर्मिनने लग्नाकार्याचा कोट चढवला होता, आणि बूट इतके घासले होते की तोच त्यांच्याकडे सारखा बघत होता.

होडी कालव्यातून निघाली. नावाडी तेच विनोद चार भाषांत सांगत होता. यांच्या फ्लेमिश भाषेची पाळी येईपर्यंत बाकीचे हसून मोकळे झालेले असत. एक पूल अगदी खाली होता. सगळ्यांनी माना वाकवल्या, फिर्मिन तसाच ताठ.

"आजोबा, डोकं! पूल तुमच्यापेक्षा टणक आहे!" नावाडी ओरडला.

"ते बघू," फिर्मिन म्हणाला आणि अगदी शेवटच्या क्षणी वाकला.

लोक हसले. गोडेलीवही हसली, म्हणजे तिचं तोंड हसलं. विटांची घरं, पाण्यात टेकलेल्या वेली, काठावरचे हंस, सगळं सुंदर होतं. ते सुंदर आहे हे तिला कळत होतं, एवढंच. दुसऱ्याच्या घरातला लग्नाचा अल्बम बघावा, तसं ती एकेक बघत होती.

जेवायला बसले तेव्हा वेटर इंग्रजीत सुरू झाला.

"पोरा, तुझी आई कुठली?" फिर्मिनने विचारलं.

"इथलीच, रूसेलारेची," पोरगा गडबडून म्हणाला.

"मग तिच्याशी बोलतोस तसं बोल की!"

जेवण चांगलं होतं. शेवटी कॉफीबरोबर दुधाच्या इवल्याशा डब्या आल्या. फिर्मिनने एक उचलली, डोळ्यांपासून लांब धरून तिच्यावरची अक्षरं लावली.

"जर्मनीचं आहे," तो म्हणाला आणि डबी जागेवर ठेवली. दोघांनी कॉफी काळीच घेतली.

दुपार कलली, घंटाघराचे टोल पडले, आणि फिर्मिन एकदम भराभर चालू लागला. "चल, चल. उशीर झाला."

गोडेलीवचेही पाय आपोआप उचलले गेले. गर्दीतून वाट काढत दोघं पुलाच्या मध्यापर्यंत पोचले, तेव्हा तिने विचारलं, "कशाला उशीर झाला, फिर्मिन?"

तो थांबला. माणसं दोन्ही बाजूंनी जात राहिली. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग बाही खाली ओढली.

"सवय," तो म्हणाला.

मग कुठे जायचं ते दोघांनाही सुचेना, म्हणून जिकडे माणसं चालली होती तिकडे गेले. पुढच्या चौकात बग्गीचे घोडे पाणी पीत होते. हाकणारी एक तरुण मुलगी होती. फिर्मिन बराच वेळ नुसता उभा राहिलेला पाहून ती म्हणाली, "हात लावा ना, काका. गरीब आहे, चावत नाही."

"नको," फिर्मिन म्हणाला आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

गोडेलीव पुढे झाली. तिने घोड्याच्या मानेवर तळवा ठेवला. कातडं ऊन होतं, त्याखाली एक शीर उडत होती. आता काहीतरी होईल असं वाटून ती थांबली. काही झालं नाही. घोड्याचं पाणी पिऊन झालं, तशी ती बाजूला झाली.

कालव्याच्या काठावर त्यांना बाक मिळाला. फिर्मिन गुडघा चोळत म्हणाला, "मीराबेल ट्रकमध्ये चढत नव्हती."

"बघितलं मी."

"मी तिला ढकललं."

"तेही बघितलं."

"मग बोलली नाहीस ती?"

"काय बोलू? नको ढकलूस म्हणू? बाकीच्या सगळ्या गाई आत होत्या. तिला एकटीला ठेवून काय करणार होतास, फिरायला नेणार होतास?"

फिर्मिनच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला. गोडेलीवने त्याच्या कॉलरवर पडलेलं पान काढून टाकलं.

लीस्बेटचा फोन आला. "कसा गेला दिवस?"

"छान."

"आणि बाबा?"

"बाबा पण छान. होडीत वाकायचं विसरत होते."

"खरं सांग, आई."

"खरंच सांगतेय. सगळं छान होतं गं. आम्हीच अजून पोचलो नाही इथे." गोडेलीवने तिला नीट जेवायला सांगितलं आणि फोन ठेवला.

सहलीवाले गटागटाने स्टेशनकडे निघाले होते. नावाडी शेवटच्या होडीवर ताडपत्री ओढत होता.

"निघायचं?" फिर्मिनने विचारलं.

"बसू की. गाड्या आहेत अजून पुष्कळ."

तो टेकून बसला. असं संध्याकाळी टेकून बसायचं कसं, ते त्याला नीट जमत नव्हतं. पाठ सारखी बाकापासून सुटत होती.

"उद्या काय करायचं?" त्याने विचारलं.

गोडेलीवने विचार केला.

"उद्या उशिरापर्यंत झोपू."

"मला नाही लागणार झोप."

"मलाही नाही लागणार," ती म्हणाली. "नुसते पडून राहू."