कॉफीचे भरले पेले

"ही उंटांची चित्रं किती जुनी?" पाहुणीबाईंनी घळीतल्या कातळाकडे बोट दाखवून विचारलं.

"दोन हजार वर्षं," मुतलक म्हणाला.

"मघाशी दीड हजार म्हणालात," नवरा वहीत बघत म्हणाला.

"मग दीड हजार. चला, कमान बघायची आहे."

छावणीतल्या पाहुण्यांना वाळवंट दाखवायचं काम तो वीस वर्षं करत होता. झरा, घळ, दगडी कमान, सूर्यास्त. आज मात्र त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिकडे गावात, फरीजच्या बापाच्या तंबूत, मुतलकच्या कुळातले वडीलधारे बसले होते. कॉफी समोर आली की पेला तसाच जमिनीवर ठेवायचा आणि यजमान मागणं मान्य करेपर्यंत ओठाला लावायचा नाही, ही रीत. मागणं एकच होतं, मुतलकला माफी. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं तिथं जायचं नसतं.

दोन महिन्यांपूर्वी उतारावर त्याची जीप उलटली. तो वाचला. शेजारी बसलेला फरीज, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, जागीच गेला. जीप मुतलकनंच दामटली होती. माफी मिळाली नाही तर बायकोपोरांसकट गाव सोडायचं.

कमानीवर फोनला रेंज येते. पाहुणे बूट घट्ट करेपर्यंत हा पन्नाशीचा माणूस धापा टाकत वर पोचलासुद्धा. त्यानं काकांना फोन लावला.

"कॉफी पार गार झाली रे," काका म्हणाले. "तासभर पेले तसेच होते. मग फरीजच्या म्हाताऱ्या बापानं विचारलं, मुतलक नीट जेवतो का? म्हटलं, नाही. तेव्हा म्हणाला, प्या."

"आणि बदल्यात काय मागितलं?"

"काही नाही. संध्याकाळी ये आणि त्याला भेट."

म्हाताऱ्यानं काहीतरी मागायला हवं होतं, असं मुतलकला वाटलं. निदान चार शिव्या तरी.

पाहुण्यांना छावणीवर सोडून तो फरीजच्या बापाच्या तंबूपाशी आला. आतून बोलावणं यायची वाट बघत जीपमध्येच थांबला. म्हाताऱ्याच्या आधी फरीजची आई बाहेर आली. तिनं पुढचं दार उघडलं आणि कण्हत त्याच्या शेजारी चढून बसली.

"काकू, मी..."

"ते नंतर. मला बहिणीकडे सोड. तुला माफ केलं हे तिला सांगायला हवं. गुडघे चालू देत नाहीत."

जीप बैलगाडीसारखी निघाली. बहिणीचं घर काही जवळ येईना.

"काय रे हे," शेवटी म्हातारी म्हणाली. "फरीजनं एव्हाना पोचवलं असतं मला."

मुतलकनं डोळे पुसले आणि गिअर बदलला.