कलम एकोणतीस

वाफेच्या इस्त्रीची टाकी फुटली तेव्हा सासू दुकानाच्या पुढच्या बाजूला एका गिऱ्हाईकाच्या कोटाचं माप घेत होती. आवाज ऐकून ती मागे धावली. सून भिंतीला टेकून, उजवा हात लांब धरून उभी होती.

सहा आठवड्यांनी पट्टी सुटली, पण तीन बोटं वळेनात. सासूनं बेतायचं-कापायचं आणि सुनेनं शिवायचं, असं त्यांचं चाललेलं. मुलगा गेल्यापासून त्या घरात दोघीच होत्या. आता मशीनवर धूळ बसू लागली.

ग्राहक तक्रार कार्यालयातल्या बाईंनी सगळे कागद नीट वाचले.

"इस्त्री फोनला जोडून पहिल्यांदा सुरू करताना फोनवर काही आलं होतं?"

"आलं होतं," सून म्हणाली. "कंपनीच्या अटी. 'मान्य' दाबल्याशिवाय ती सुरूच होत नव्हती."

"तिथंच घोळ झाला. त्यातलं कलम एकोणतीस म्हणतं, वाद झाला तर लवादाकडेच जायचं. ना कोर्ट, ना हे कार्यालय. कंपनीनं नेमलेला माणूस बंद खोलीत निकाल देणार. त्यावर अपील नाही."

"अहो, पण ते वाचतं कोण?" सासू म्हणाली.

"कोणीच नाही, आजी. म्हणून तर अशी कलमं रद्द करा म्हणून लोक सरकारच्या मागे लागलेत. कंपन्या म्हणतात, लवादात निकाल झटपट लागतो."

घरी येताना सून एवढंच म्हणाली, "मीच दाबलं ते, आई."

"गप. मी असते तर मीही दाबलं असतं."

लवादाची जागा दोन दिवसांच्या प्रवासावर होती. काचेच्या दारांचं, गार पडलेलं कार्यालय. दोघी बाकावर बसल्या होत्या तेवढ्यात आतून एक धोबी बाहेर आला. हनुवटीपासून गळ्यापर्यंत त्याची कातडी भाजून ओढल्यासारखी झाली होती. सासू ताडकन उठली.

"भाऊ, वाफेची इस्त्री का? टाकी फुटली?"

त्यानं हातातल्या कागदाची घडी केली, परत उघडली.

"मला विचारू नका, मावशी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आत्ताच सही करून आलोय. बोललो तर आहे तेही जाईल." तो निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

आत कंपनीच्या वकिलानं तसाच कागद पुढे सरकवला. भरपाई मिळेल, पण कुठं वाच्यता करायची नाही. सासूनं सुनेकडे पाहिलं. घरात काय उरलंय ते दोघींना तोंडपाठ होतं.

"घे गं," सासू पुटपुटली. "कशाच्या जोरावर नाही म्हणतेस?"

"त्या माणसाचा गळा बघितलात ना?" सुनेचा आवाज फाटला. "आपल्या आधी भाजलेल्यांनी सही करून तोंड बंद ठेवलं नसतं, तर मला आधीच कळलं असतं, आई. मी ती इस्त्री दुकानात आणली नसती."

सासूनं कागद परत सरकवला.

निकाल झटपट लागला, एवढं मात्र खरं. चौदाव्या दिवशी पत्र आलं: वापरणारीनं टाकीत पाणी जास्त भरलं, कंपनीचा दोष नाही. सून दिवसभर अंथरुणातून उठली नाही. सासूनं मशीन विकायला माणूस बोलावला आणि तो येताच त्याला दारातून हाकललं. मग जमिनीवर बसून ढसाढसा रडली.

आठवड्यानं दोघी पुन्हा तक्रार कार्यालयात गेल्या. बाई म्हणाल्या, "कायदा बदलायचा की नाही, यावर पुढच्या महिन्यात सरकार लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. पण खोटी आशा लावत नाही. बदलला तरी पुढच्या करारांना लागू होईल. तुमचं काही परत येणार नाही."

"किती वेळ बोलायला देतात?" सुनेनं विचारलं.

"तीन मिनिटं."

सासूनं डोळे पुसले. "नाव लिहून घ्या तिचं," ती म्हणाली. "मी सोबत येईन."