वीस माणसांची सवलत

एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केल्यावर माणसाच्या दोन सवयी जात नाहीत. एक म्हणजे, पंगतीत बसलेल्यांनाही तो ‘पुढं सरका’ म्हणतो. दुसरी, रिकामी सीट त्याला पाहवत नाही. पहिल्या सवयीवर माझ्या बायकोनं, अंजनानं, लग्नानंतर महिनाभरातच इलाज केला. ही गोष्ट दुसरीची आहे.

यंदा कामठ्याची मंडई आटोपली आणि तिसऱ्या दिवशी अंजना म्हणाली, “मले पाळण्यात बसाचं हाये.”

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, आकाशपाळणा येतो, रात्री नाटक होतं आणि घरोघरी पाहुणे उतरतात. पाहुणे मंडई पाहतात. घरची बाई पाहुणे पाहते.

“पाळणा तं काल उठला,” मी म्हणालो. “परवा काऊन नाई सांगितलं?”

“परवा मी पुऱ्या लाटून राहिली होती.”

“अन् मागल्या साली?”

“मागल्या साली वडे.”

आमच्या मागच्या दारी मंडईच्या दिवशी मोठी चूल मांडतात. तिथून पाळण्याचा वरचा अर्धा भाग दिसतो. लग्नाची चौतीस वर्षं अंजनानं तेवढाच पाहिला. खालचा अर्धा, जिथून माणसं आत बसतात, तो पाहुण्यांच्या वाट्याला.

पुतणी खुशी तिला फोनवर काहीतरी दाखवून गेली होती. नागपूरच्या बाहेर एक मोठं पार्क आहे म्हणे, पाळणेच पाळणे. तीन मजली इमारतीहूनही उंच असा एक आकाशपाळणा.

“आपन दोघं जाऊ,” अंजना म्हणाली. “तुमी अन् मी. तिसरं कोनी नाई.”

मी नियोजनाला लागलो. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं, म्हणजे तिची बाजू पक्की होती. माझं तिकीट मात्र पंच्याहत्तरीनंतर माफ होतं आणि मी बासष्ट वर्षांचा. “तेरा वर्षं थांबलो तं माझं येणंजाणं फुकट,” मी सुचवलं.

“तवा मले पाळण्यातून नाई, खांद्यावरून न्याल,” ती म्हणाली.

तो मुद्दा मी मागे घेतला. पण पार्कचं दोन माणसांचं तिकीट पाहिलं, तेव्हा आकडा चुकला असेल म्हणून फोन उलटा धरून पाहिला. उलटा तो आणखी मोठा दिसला. मग खाली बारीक अक्षरांत एक ओळ सापडली. वीस किंवा त्याहून जास्त जणांच्या ग्रुपला मोठी सवलत. सवलत दिसली की माझा हात आपोआप कानामागच्या पेनाकडे जातो.

आम्ही दोघं होतो. म्हणजे फक्त अठरा जागा रिकाम्या.

धाकटा भाऊ जागेश्वर ओट्यावरच भेटला. “दादा, आमचे सात पकडा,” तो म्हणाला. त्याच्या घरी माणसं पाच. उरलेली दोन अल्काच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, माहेरची. शेजारच्या सुशिलाबाईंनी चार लिहायला लावली आणि वर “मले चक्कर येते, पण पाहाले येतो” असंही सांगितलं. आमगावच्या व्याह्यांकडचे पाच. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं धरून अठरा झाले. एकोणिसावा आणि विसावा अल्काच्या मावसभावाच्या घरचे, ते कोहमाऱ्याला रस्त्यावर उभे राहणार होते. त्यांची आमची ओळख नव्हती, पण सीटला ओळख लागत नाही.

यादी घेऊन मी अंजनाकडे गेलो. “पाय, कसं बसवलं! अर्ध्या भावात काम.”

तिनं यादी वाचली. मग विचारलं, “वीस मानसाइचं खाणं कोन करन?”

“खाणं काय, वडे-पुऱ्या. किती वेळ लागते!”

तिनं यादीची घडी करून माझ्या हातात परत दिली. मी तो होकार समजलो. दोनदा घंटी वाजल्याशिवाय गाडी सोडायची नसते, हे एकतीस वर्षं ड्रायव्हरला सांगणारा माणूस मी.

ठरल्या दिवशी पहाटे गावातल्या घनश्यामची भाड्याची गाडी दाराशी लागली. आत आधी अडीचशे वड्यांचा गंज, म्हणजे भलंमोठं पातेलं, चढला, मग पुऱ्यांचे दोन डबे, मग माणसं. अंजनाला सीट मिळाली ती गंजाजवळची. गंज कलंडू नये म्हणून कोणीतरी धरायला हवाच होता. मी दारात उभा राहून डोकी मोजली. कोहमाऱ्याला ढाब्यासमोर पाहुणे चढले, वीस पूर्ण झाले आणि मला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पगार झाल्यासारखं वाटलं.

पार्कच्या गेटवर गार्डनं गंजाचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि नाइलाजानं पुन्हा ठेवलं.

“काका, बाहर का खाना अंदर नहीं जाएगा.”

“घर का है,” जागेश्वर म्हणाला.

“घर भी बाहर ही है, काका.”

मग सुशिलाबाई म्हणाल्या, “मंग एकानं बाहेर बसा लागन.” आणि अल्का लगेच म्हणाली, “बाई बसतील ना! त्याइले तसंही पाळण्याचं भेव वाटते.”

अल्काची बाई म्हणजे तिची मोठी जाऊ, म्हणजे अंजना. तिला पाळण्याचं भेव वाटतं हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. चौतीस वर्षं बसली नाही म्हणजे भेवच असणार, असा हिशेब. सगळ्यांनी अंजनाकडे पाहिलं. अंजनानं माझ्याकडे.

खरं सांगतो, माझ्या डोक्यात जे आलं तेच तोंडातून निघालं.

“नाई, नाई! अंजना आतच येन. नाई तं एकोणीसच होतात, सवलत जाते.”

“म्हनून?” अंजना म्हणाली.

एकच शब्द. बोलली हळूच, पण मला तो पार्कच्या भोंग्याहून मोठा ऐकू आला.

तिनं पदराची गाठ सोडली. आत चौघडी केलेला कागद होता. दोन तिकिटं. खुशीनं कॉलेजजवळच्या दुकानातून छापून आणलेली. अंजनाच्या बचत गटाच्या पैशातून, पूर्ण भावाची, सवलतीचा वासही नसलेली.

“हे दोघाइचे,” ती म्हणाली. “ज्या दिवशी तुमी यादी दाखवली त्याच दिवशी काढले. वडे कोनाच्या पोटात जायचे ते जावोत. मी जाऊन राहिली. तुमाले याचं असन तं या.”

आणि ती निघाली. गंजाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

माझ्या हातात यादी होती. सीट नंबरासकट, निळ्या शाईत, वीस नावं. मागून जागेश्वर ओरडला, “दादा, तुमी दोघं गेले तं अठराच राहिले ना! आमी काय करावं?”

मी यादी त्याच्या हातात दिली. “पुढं सरका,” म्हणालो आणि अंजनाच्या मागे धावलो. बासष्टाव्या वर्षी माणूस जितकं धावतो तितकं.

पाळणा फोटोत होता त्याहून मोठा निघाला. प्रत्येक डब्यात चार जागा. आम्ही समोरासमोर बसलो. अंजनानं चप्पल काढून कडेला ठेवली, देवळात ठेवतात तशी. पाळणेवाल्यानं मागच्या रांगेकडे पाहिलं.

“काका, दो और बिठा दूँ?”

मी डब्यात पाहिलं. माझ्या शेजारी एक जागा होती आणि तिच्या शेजारी एक. स्वच्छ, पुसलेल्या.

“फुल्ल है,” मी म्हणालो.

त्यानं रिकाम्या जागांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दार लावून घेतलं. अंजना दुसरीकडे पाहत होती, पण तिचे खांदे हसून राहिले होते.

डबा वर चढला. माझे हात दांड्याला चिकटले. तिचे मांडीवर होते, मोकळे. अर्ध्या उंचीवर आलो तेव्हा गेट दिसलं. जागेश्वर तिकिटाच्या खिडकीशी माणसं मोजत होता. शेवटी घनश्याम ड्रायव्हर उभा होता आणि त्याच्या मागे नारळपाणी विकणारा. भाऊ माझाच आहे. गंज गार्डच्या खुर्चीशेजारी होता, झाकण उघडं, गार्डचा गाल फुगलेला.

अगदी वर डबा थांबला.

“अवो,” अंजना म्हणाली, “मंडईत पाळण्यातून आपली चूल दिसत असन?”

“दिसते.”

“तुमाले कसं ठाऊक?”

आता काय सांगावं? “मी बसतो ना. दरसाली. पाहुण्याइसंगं.”

तिनं खाली पाहिलं, मग माझ्याकडे. एवढ्या उंचीवर बायकोनं असं पाहिलं की खालची जमीन जास्तच दूर वाटते.

“मी दिसत होती?”

“हाव. धुरात. मी एकदोनदा हातही केला.”

“मंग मले काऊन नाई सांगितलं?”

“तुझे हात पिठाचे होते.”

“हात करायले तुमचे हात लागतात, माझे नाई,” ती म्हणाली. “मले बोलवायले तोंड लागते. ते कुटं होतं?”

मी दांड्यावरचा एक हात सोडला, मोठ्या धीरानं, आणि तिच्या हातावर ठेवला. तिनं तो झटकला नाही. पुढच्या मंडईला चूल जागेश्वरच्या दारी मांडायची आणि वडे मी तळायचे, असं तिनं तिथंच ठरवलं. एवढ्या उंचीवर माणूस वाद घालत नाही. मी हो म्हणालो.

डबा हलला. खाली भज्यांच्या दुकानात एक बाई कढईवर वाकलेली दिसली. अंजनानं बाहेर झुकून तिला हात केला. बाईनं काही वर पाहिलं नाही.

“उतरलो का तिच्यापासून भजे घेऊ,” अंजना म्हणाली. “अन् भाव करू नोका.”

बाहेर अडीचशे वडे असताना विकतचे भजे! माझ्या तोंडाशी आलं होतं. पण डबा अजून निम्म्यातच होता आणि दार बाहेरून बंद होतं.

“किती प्लेट?” मी विचारलं.

“दोन.”