माझ्या पोटावरचा पत्ता

मी राउटर बोलतोय. खरं तर बोलणं हा माझा धंदा नाही. दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचं, एवढंच माझं काम. पण मुकाट्याने राबणाऱ्याच्या माथी लोक काय वाटेल ते मारतात, म्हणून आज तोंड उघडलं. तुमच्या बैठकीच्या खोलीत कपाटाच्या डोक्यावर जो डबा डोळे मिचकावत बसलेला असतो आणि नेट गेलं की ज्याच्या टाळक्यात पहिली टपली बसते, तोच मी.

जन्म कारखान्यातला. आम्ही भावंडं सरकत्या पट्ट्यावरून ओळीने बाहेर पडलो आणि प्रत्येकाच्या पोटावर एक स्टिकर बसला. त्यावर माझ्या आत शिरायचा पत्ता, १९२.१६८.१.१. खाली नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. सगळ्या भावंडांना तोच पत्ता आणि तीच किल्ली. माणसांची अक्कल बघा, कुलूप करायचं आणि किल्ली गावभर वाटायची. 'पासवर्ड लगेच बदला' असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणा. पण बारीक अक्षर माणूस फक्त औषधाच्या बाटलीवरचं वाचतो, तेही औषध पिऊन झाल्यावर.

वायफायवाल्याने मला या घरात आणून बसवलं. घरात माणसं तीन. कचेरीत हाताखाली चार माणसं बाळगणारे साहेब, त्यांची बायको, जिला मी बाई म्हणतो, आणि साहेबांच्या आई, म्हणजे आजी. हा पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकला की राउटरचं पान उघडतं, तेवढा पासवर्ड बदलून घ्या, असं वायफायवाल्याने साहेबांना बजावलं. साहेबांनी मान हलवली. मान हलवण्यात साहेबांचा हात धरणारा अजून जन्मायचाय.

बाई मागच्या खोलीतून लॅपटॉपवर मुलांना भूमिती शिकवतात. आरडाओरडा नाही, छड्या नाहीत, तरी पोरं वेळेआधी हजर. पण घोडं इथेच पेंड खातं. वर्गाची वेळ आणि साहेबांची घरी यायची वेळ एकच. साहेबांना दार उघडायला बायको लागते, हातात पाण्याचा पेला लागतो, बूट काढताना कुणीतरी 'दमलात का' असं विचारावं लागतं. आणि आतून ऐकू काय येतं, तर 'समांतर रेषा कधी भेटत नाहीत'. साहेब मित्राला फोनवर सांगायचे, घरात संध्याकाळची कटकट लागलीय. तो फोन वायफायवरचा, म्हणजे माझ्यातूनच जायचा.

एका सुट्टीच्या दिवशी बाई आजींना डोळे तपासायला घेऊन गेल्या आणि साहेब माझा पत्ता टाकून आत आले. अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. मी दार उघडलं. काय करणार, किल्ली आणेल तो माझा मालक. त्यांनी एक नियम लिहिला, की बाईंच्या लॅपटॉपचं नेट वर्ग निम्म्यावर आला की बंद. तेही रोज नाही, एक दिवस आड, म्हणजे संशय यंत्रावर जावा. मग मला उलटं करून पोटावरच्या पत्त्यावर काळी चिकटपट्टी मारली आणि हात धुऊन पेपर वाचत बसले.

पुढचे काही आठवडे माझी जी अब्रू गेली ती विचारू नका. कोन मोजता मोजता वर्ग तुटायचा, पोरं पडद्यावरून गायब. फोनच्या डेटावरून शिकवून पाहिलं, तर त्या चिमुकल्या पडद्यावर आकृती मावेना. साहेब माझे दोन्ही कान पिळायचे, मला बंद-चालू करायचे, भंगार म्हणायचे. वर बायकोला माया दाखवायची, "अगं, किती जिवाला त्रास करून घेशील. बंद कर तो वर्ग." चोर तो चोर, वर सांत्वनाला हजर.

इकडे मुलांच्या आया कुरकुरायला लागल्या. दोघींनी पोरं काढलीसुद्धा. हा आठवडा असाच गेला तर वर्ग बंद, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं. त्या दिवशी साहेबांना कचेरीत उशीर झालेला. वर्ग पुन्हा तुटला आणि बाई गोऱ्यामोऱ्या होऊन बाहेर आल्या, तर आजी फोनवर खुशाल मालिका बघत बसलेल्या.

"आई, तुमचं चालू आहे?"

"छान चालू आहे. आत्ताच कुठे सासू शुद्धीवर आलीय."

बाई तिथेच थबकल्या. सगळ्यांचं चालतं आणि आपलंच बंद पडतं, हे यंत्राचं वागणं नव्हे. त्यांनी नेटच्या कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली की लाईन ठीक आहे, राउटरच्या पानावर बघा, पत्ता त्याच्या खालीच असतो. बाईंनी मला उलटं केलं. काळी पट्टी. नखाने सोलली, तर पट्टीबरोबर अक्षरंही निघून आली.

मग पत्त्याचा शोध सुरू झाला. फोनवर शोधायच्या चौकटीत विचारलं, तर राउटर कसा उघडावा हे शिकवणारे ढीगभर पंडित आणि त्यांच्या जाहिराती. एकाने दिलेला पत्ता टाकला, १९२.१६८.०.१. तो दुसऱ्या घराण्याचा, मी कशाला ओ देतोय. शेवटी बाई स्वतःशीच म्हणाल्या, माहीत नाही ते माहीत असलेल्यातूनच काढायचं. लॅपटॉप सारखा माझ्याशीच बोलतो, म्हणजे त्याला माझा पत्ता ठाऊक असणारच. त्यांनी लॅपटॉपमध्ये वायफायची माहिती उघडली. तिथे 'गेटवे' या शब्दापुढे मी उघडावाघडा उभा होतो.

पासवर्डला त्यांनी साहेबांचा वाढदिवस टाकून पाहिला, मग आजींचं नाव. मग वैतागून 'अ‍ॅडमिन'. मी दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा आनंदाने उघडलं.

नियम समोरच होता. दिवस, वेळ, आणि ज्या यंत्राचं नेट तोडायचं त्याला साहेबांनी हौसेने दिलेलं नाव: कटकट. बाईंनी ते दोनदा वाचलं. आजी मागे येऊन उभ्या राहिल्या.

"कटकट कुणाला म्हटलंय गं?"

"माझ्या लॅपटॉपला. म्हणजे मलाच."

आजींनी टेबलावरचा काळ्या पट्टीचा चोळामोळा उचलला. तशी पट्टी घरात एकाच खणात असते, आणि त्या खणाची किल्ली साहेबांच्या खिशात. मग खाली बसल्या.

"मी शिवणकाम करायचे ना, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी यंत्राचा पट्टा सैल व्हायचा. तुझे सासरे म्हणायचे, नको करूस, जमत नाही तुला. मी जन्मभर त्या यंत्राला शिव्या घातल्या."

बाईंनी नियम पुसला आणि दोन्ही पासवर्ड बदलले, माझ्या आत शिरायचा आणि वायफायचाही. आजींच्या कानात सांगितले. वायफायचा त्यांच्या फोनमध्ये घालून दिला आणि पोरांना परत बोलावून तास नव्याने सुरू केला.

साहेब आले. पाणी नाही, पेला नाही. टीव्ही लावला, तर पडद्यावर नुसतं चक्र गरगरतंय. मला बंद-चालू करायला हात पुढे आला, तशा आजी आडव्या आल्या.

"त्याला हात लावू नकोस. पासवर्ड बदललाय. मला माहीत आहे."

"मग सांग की, आई."

"सांगते. आधी तिला सांग, तू काय केलंस आणि का केलंस."

साहेबांचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघितलं, जणू मीच चहाडी केली. मग मागच्या खोलीच्या दाराशी गेले आणि उभे राहिले. आत वर्ग रंगात आलेला. बाईंनी वर बघितलं आणि हाताने खूण केली, थांबा. हाताखाली चार माणसं बाळगणारे साहेब पूर्ण तास दारात उभे होते. मध्ये एका पोराने विचारलं, "बाई, मागे कोण आहे?" बाई म्हणाल्या, "तू आकृतीकडे बघ."

तास संपल्यावर दार लागलं. आत काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही, ते माझ्यातून गेलं नाही. बाहेर आल्यावर बाईंचे डोळे लाल होते आणि साहेबांनी आजींना पासवर्ड विचारला नाही, एवढं दिसलं.

आता मी त्याच कपाटावर आहे. पोट कोरं. वर्ग पुरा होतो, काढलेल्यांपैकी एक पोरगं परत आलंय. साहेब आपला चहा आपण करतात. साखर जास्त पडते, पण पितात.

तुम्हाला एवढंच सांगतो. आजच्या आज आपापला डबा उलटा करा, पोटावरचं वाचा, आत जा, पासवर्ड बदला. 'मला त्यातलं कळत नाही' हे कौतुकाने सांगणं सोडा. आम्हाला इमान नसतं, बेइमानीही नसते. घरात जे आधी आत शिरेल त्याचं आम्ही ऐकतो. ते कोण असावं, हे तुम्ही ठरवा.